खाडीची राखण

आमच्या गावाला एका बाजूने समुद्र आणि दुसऱ्या बाजूने खाडी. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीच्या पाण्याला वास येऊ लागला तेव्हा तो सगळ्यांनाच येत होता, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. गावच्या बायका बोईसरच्या बाजारात आणि सालवडच्या चाळींतून मासळी विकतात. कामावरून सुटलेला एखादा कामगार टोपलीवर वाकून विचारायचा, "मौसी, खाडी का तो नहीं है ना?" आई हसून म्हणायची, "समुंदर का है, भैया." बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

माझ्या मावशीचं मात्र सगळं खाडीवरच चालायचं. नवरा गेलेला, घरात होडी नाही. ओहोटी लागली की ती कोयता घेऊन खडकांवर बसायची आणि कालवं फोडून काढायची. मी पालघरला कॉलेजात जाऊ लागले तेव्हा माझा पास तिच्या पदराच्या गाठीतून निघत असे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. त्या पदवीला खाडीचा चिखल लागलेला आहे, हे मी कधी विसरले नाही.

एका सकाळी भरती ओसरली आणि काठावर बोय मासे पोट वर करून पडलेले दिसले. दुपारी देवळाच्या मांडवात बायका जमल्या. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून तक्रार मी लिहायची असं ठरलं. एका मुलीने मोबाइलवर मेलेल्या माशांचा व्हिडिओ काढला होता.

"पेपरात देवा तो," ती म्हणाली.

"देवा की! मंग उद्या बोईसरला तूच बस टोपली घेऊन, माश्या मारायला," शेजारची काकी म्हणाली.

काकीचं चुकत नव्हतं. बातमी आली की गिऱ्हाईक खाडी आणि समुद्र असा फरक करत नाही. गावाचं नाव ऐकूनच पुढे जातं. बरीच वादावादी झाल्यावर एक मार्ग निघाला. पाणी सुधारेपर्यंत गावाने खाडीतलं काहीच विकायचं नाही आणि बाजारात ते उघड सांगायचं. मग तक्रारही करता येईल आणि समुद्राच्या मासळीवरचा विश्वासही टिकेल. मला ते फार पटलं. कालवांच्या अंगात पाण्यातलं विष कसं साठत जातं, हे मी उत्साहाने सांगूही लागले.

मागून मावशीचा आवाज आला. "ज्यांच्या दारात होडी हाय त्यांचं बरं हाय. मी काय खाऊ? हिची तक्रार?"

बायका हसल्या.

"विषाचं मला नको सांगू, बाय," ती मला म्हणाली. "इकून उरतात ती मीच खाते."

होडी चालवणाऱ्या तांडेलाची बायको समजुतीने म्हणाली, "आमची होडी लागली की तुला वाटा देव ना."

होडी किनाऱ्याला लागली की ज्या घरात कमावता हात नाही त्या घरासाठी मासळी बाजूला काढायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पण मावशी उठलीच. "नवरा गेला तवा घेतला नाय मी वाटा. आता घेव?" ती चपला शोधू लागली.

मावशीला सोडून तक्रार करायची, तर ती मला करायची नव्हती. आणि न करावी तर उद्या खाडीच उरणार नव्हती.

कडेला बसलेली आई म्हणाली, "केळव्याच्या वाड्यांना राखणदार ठेवतात. त्याला नारळ देतात, ती काय भीक?"

मावशी एका पायात चप्पल घालून थांबली.

"आपल्या खाडीला राखण नाय म्हणून ही गत. पाणी कवा काळं होतं, कवा वास सुटतो, कोनी बघतं काय? तुला भरती-ओहोटी तोंडपाठ. तू बस तिकडं. वाटा राखणीचा."

"आनि कोयता?"

"कोयता कशाला? कोनाला मारतेस?"

या वेळी मावशीही हसली. चप्पल काढून परत येऊन बसली आणि तांडेलाच्या बायकोला म्हणाली, "निसती ढोमी नको देव मला. बरी मासळी देस."

तक्रार गेली. अधिकारी आले, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले. पुन्हा आम्ही लिहिलं, पुन्हा ते आले. काही दिवस पाणी निवळ असतं, काही दिवस नसतं. बाजारात आई आता विचारण्याआधीच सांगते, "खाडी का नहीं रखते, भैया. पानी खराब है." सुरुवातीला काही गिऱ्हाइकं तेवढं ऐकूनच निघून गेली. त्यातली काही परत आली, सगळी नाही.

मी बोईसरच्या एका शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत मावशीचा फोन येतो. "आज वास हाय. लिव." मी लिहून ठेवते. होडी लागली की तिचा वाटा तिच्या घरी जातो, आणि तो कमी वाटला तर ती तांडेलाला ऐकवतेही.

परवा तिच्याकडे गेले तेव्हा ती ओट्यावर कोयता घेऊन बसली होती. मला वाटलं, पुन्हा खडकांवर निघाली. तिने माझा चेहरा पाहिला आणि खोबरेलाची बाटली पुढे केली.

"बघत काय बसलीस? धर. गंज चढला तर पानी सुधारल्यावर काय नखांनी फोडू कालवं?"