डाव्या हाताची गाठ

गाडी ढकलत दुकानापुढे आणली तेव्हा डावरे मिस्त्री दुसऱ्याच कुणाच्या तरी बॅटरीत पाणी भरत होते. त्यांनी मान वर केली आणि पाणी झाकणावरून ओघळून चपलेवर सांडलं. फिकट हिरवा रंग, गोल दिवे, बॉनेटवरून गेलेली निकेलची पट्टी. अठरा वर्षांत ही गाडी त्यांच्या नजरेस पडली नव्हती, आणि पडू नये अशी त्यांनीही पुरेपूर काळजी घेतली होती.

डावरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. माणूस डावखुरा, म्हणून लहानपणी डावऱ्या. पुढे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं, केस पिकले, तसा नावाला मान चिकटला. तारेच्या कामात आपल्यासारखे आपणच असं त्यांचं मत होतं आणि ते मत स्वतःपुरतं ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. दुकानात फळीवर जुन्या स्विचांचे, रिलेंचे डबे ओळीने लावलेले. कोणत्या डब्यात काय आहे ते अंधारात सांगतील.

गाडीबरोबर मालकाची मुलगी आली होती. मालक गेल्या वर्षी वारले.

"इंजिन सुरू होतं काका, पण थेट तार जोडून. चावीचा स्विच मेलाय. इंजिनवाले म्हणाले, असला स्विच उघडून नीट करणारे आता तुम्हीच."

एरवी असं बोलणं ऐकून मिस्त्री फुगले असते. आज त्यांनी नुसती मान हलवली. कारण डॅशबोर्डच्या मागे नुसता स्विचच होता असं नाही. तिथे एक गाठ होती.

त्याचं असं झालं होतं. दुकान तेव्हा दोघा भावांचं होतं आणि त्याचा एक नियम होता. इंजिनाच्या बाजूने डॅशमागे तार घ्यायची, तर आतल्या अंगाला तिला एक गाठ मारायची. तार ओढली गेली तरी जोड सुटत नाही. धाकटा उजव्या हाताचा, त्याची गाठ उजवीकडे वळायची. थोरला डावखुरा, त्याची डावीकडे. कुणाचं काम कुणी केलं हे विचारावं लागत नसे, गाठच सांगायची. मग ही हिरवी गाडी आली. धाकट्याने चावीचा स्विच दुरुस्त केला. त्याच दिवशी मालकाच्या बायकोसाठी डॅशवर एक छोटा पंखाही बसवला गेला. दोन दिवसांनी रस्त्यात, भर दुपारी, डॅशमागून धूर आला. बाईंनी घाबरून पंखा उपटायला हात घातला आणि वितळलेलं प्लास्टिक तळहाताला चिकटलं. मागच्या सीटवर सहा वर्षांची मुलगी होती.

मालक दुकानात येऊन वाट्टेल ते बोलले. थोरल्याने चार गिऱ्हाइकांसमोर सगळं खापर धाकट्यावर फोडलं. धाकटा एवढंच म्हणाला, "पंख्याची तार माझी नाही, दादा. गाठ बघ, मग बोल." पण मालकांनी गाडी ओढून घरी नेली, तिच्यावर कापड टाकलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. दादाने बघायला जायचं ठरवलं असतं तर ते घर काही सातासमुद्रापार नव्हतं. तो गेला नाही. धाकट्याने त्या दिवशी दुकान सोडलं आणि दोन गल्ल्या पलीकडे इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करू लागला. दोघांच्या बायका एकमेकींकडे जात येत. भाऊ मात्र रस्त्यात समोर आले की एकाला अचानक दुसऱ्या बाजूच्या दुकानात काम निघायचं.

"किती वेळ लागेल?" मुलीने विचारलं. "आई पाचला येणार आहे."

"बघतो," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी बॅटरीचं टर्मिनल काढलं, फडक्यात गुंडाळून बाजूला केलं. चावी भोकात घातली, ती तसूभर हलेना. तेल सोडलं, थांबले, पुन्हा सोडलं. हळूहळू चावी अर्ध्यापर्यंत वळली. मग बारीक तार छिद्रात दाबून त्यांनी कुलपाचा गाभा बाहेर ओढला, स्विचची चकचकीत कडी फिरवून काढली आणि डॅशखाली पाठ टेकून आडवे झाले.

"ताई, टॉर्च धराल का जरा? उजेड वर, माझ्या हातावर."

मुलगी गुडघ्यावर बसली. उजेड तारांच्या झुपक्यावरून फिरला. धूळ, कोळ्याचं जाळं, आणि मधोमध पंख्याकडे गेलेली, काळी पडलेली एक तार, जिचं आवरण जळून सुरकुतलं होतं. स्विचला चिकटलेलं तिचं टोक वितळलेलं. मधे फ्यूज कुठेच नाही. मिस्त्री बोटाने त्या तारेच्या मागोमाग गेले. बोट पोचायच्या आधीच त्यांना कळलं होतं. तरी ते बोट पोचेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

गाठ डावीकडे वळलेली होती.

आणि मग सगळं आठवलं. धाकटा सामान आणायला गेला होता. मालकाचा निरोप आला, संध्याकाळी गाडी हवी. फ्यूजचा डबा रिकामा. "आज असंच चालू दे, उद्या फ्यूज टाकतो," असं स्वतःशी म्हणून पाच मिनिटांत पंखा जोडणारा तो डावा हात. दुसऱ्या दिवशी दुसरीच गाडी कामाला आली आणि फ्यूज राहिला. इतकी वर्षं त्यांना हे खरोखर आठवलं नव्हतं, की आठवायचं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. आणि आता तर त्यांनाही ते नक्की सांगता आलं नसतं.

"ती गाठ कसली काका?"

उजेड तिथेच स्थिर होता. मिस्त्री म्हणाले, "तार ओढली जाऊ नये म्हणून मारतात."

हे खोटं नव्हतं. त्यांनी कात्री घेतली, तार दोन्ही बाजूंनी कापली आणि गाठीचा तुकडा शर्टाच्या खिशात टाकला. भंगाराच्या डब्यात गेला असता तर दहा मिनिटांत इतर तुकड्यांत मिसळला असता. पण हात तिकडे वळला नाही.

स्विच टेबलावर घेतला. पाठीमागच्या चारही पत्र्याच्या जिभा सरळ केल्या, झाकण उचललं, आणि स्प्रिंग टणकन उडाली. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून स्प्रिंग उडाली नव्हती. ती मुलीच्या बुटाजवळ सापडली. आतली तांब्याची पट्टी त्यांनी चिमट्याने काढली आणि बघत राहिले. त्या पट्टीवर धाकट्याने दिलेला झाळकामाचा डाग अजून तसाच होता, गोल, गुळगुळीत, कुठे चिरलेला नाही. बाहेरून आलेल्या उष्णतेने शेजारचा, तार जोडायचा खुंट वितळला होता, धाकट्याचं काम मात्र टिकलं होतं. मिस्त्रींना एकदम रडू येईल असं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला.

मग पट्टी पॉलिश पेपरने घासली, वितळलेला खुंट डब्यातल्या जुन्या स्विचमधून काढून बसवला, नखावर मावेल एवढं ग्रीस लावलं, झाकण बसवून जिभा वाकवल्या. सगळ्या जळक्या तारा बदलल्या. फ्यूज टाकला. तो टाकून झाल्यावर तीनदा हाताने चाचपून पाहिला. शेवटी बॅटरी जोडली आणि मुलीला म्हणाले, "फिरवा."

पहिल्या टप्प्याला लाल दिवा लागला. दुसऱ्या टप्प्याला सेल्फ कुरकुरला आणि इंजिन लागलं. धूर नाही, वास नाही. मुलगी हसली. किती वेळाने हसली असेल कोण जाणे.

"आईला आता सांगते," गाडी बंद करून ती म्हणाली. "अठरा वर्षांत ती हिच्याजवळ फिरकली नाही. बाबा गेल्यावर म्हणाली, एकदा बसेन. पण मला आधी विचारलं, कोण करतंय? मी म्हटलं, ज्याने तो घोळ केला तो नाही, त्याचा थोरला भाऊ. तेव्हा कुठे तयार झाली."

मिस्त्रींनी मूग गिळून बसायचं ठरवलं असतं तर आता फक्त हसून मान हलवायची होती. त्यांनी खिशातून तुकडा काढला आणि बॉनेटवर ठेवला.

"ताई, ही गाठ माझी आहे."

तिला काही कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं; नियम, डावा हात, रिकामा डबा, उद्यावर टाकलेला फ्यूज. सांगताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. ऐकून झाल्यावर मुलीने गाडीत वाकून चावी काढून घेतली आणि मुठीत धरली.

"आईची मूठ अजून पुरती मिटत नाही," ती म्हणाली. "बाटलीचं झाकण उघडायला मला हाक मारते. आणि बाबा शेवटपर्यंत तुमच्या भावाला शिव्या घालत होते. तुमचं नाव मात्र चांगलं घ्यायचे."

मिस्त्रींना कुणी थोबाडीत मारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

"आता तुमच्या एकट्याच्या शब्दावर मी तिला यात बसवणार नाही. दुसऱ्या कुणी तरी तपासलं पाहिजे."

"असल्या गाडीचं वायरिंग कळणारा इथे अजून एकच आहे."

"मग आणा त्यांना. सव्वाचार वाजलेत."

दोन गल्ल्या. मिस्त्री त्या कधी चालले नव्हते असं नाही, पण धाकट्याच्या दाराशी आज पहिल्यांदाच थांबले. धाकटा एका लहान खोलीत, उघड्या इस्त्रीवर वाकून बसला होता. पावलांचा आवाज ऐकून म्हणाला, "मिक्सर असेल तर उद्या." मग वर बघितलं आणि स्क्रू आवळता आवळता थांबला.

मिस्त्रींनी तुकडा टेबलावर ठेवला. धाकट्याने त्याला हात लावला नाही. नुसतं पाहिलं.

"डावीकडे आहे," तो म्हणाला.

"हो. माझं चुकलं. तेव्हाही, आणि नंतर रोज."

"मी म्हटलं होतं, गाठ बघ."

"म्हटलं होतंस."

धाकट्याने इस्त्रीचा स्क्रू पुरा आवळला. मग दुसरा. थोरला दारात उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नाही.

"फ्यूज टाकलास?"

"टाकला."

"कुणी बघितला?"

"म्हणून तर आलोय."

धाकट्याने खण उघडून तपासणीचा दिवा काढला. अठरा वर्षं मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला त्याचं काय काम, पण त्याच्यावर धुळीचा कण नव्हता.

दुकानाशी आई पाचच्या आधीच येऊन उभी होती. दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरलेली, गाडीपासून पाच पावलं दूर. मुलीने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण तिने आधी धाकट्याकडे पाहिलं आणि मग खाली. धाकटा डॅशखाली शिरला. अर्धा तास तो एकेक तार दिव्याने तपासत होता आणि थोरला परीक्षेला बसल्यासारखा बाजूला उभा होता. शेवटी धाकटा बाहेर आला, हात पुसले, मुलीकडून चावी मागून घेतली.

"तुम्ही थांबा बाई," तो आईला म्हणाला. "आधी आम्ही बसतो." आणि शेजारच्या सीटकडे बोट करून भावाला म्हणाला, "तिथे."

पंखा होता त्या जागेसमोर मिस्त्री बसले.

"डावा हात ठेव. पत्र्यावर, तारांच्या वर. गरम लागला की सांग."

गाडी निघाली. पहिली गल्ली, मोठा रस्ता, वळण. मिस्त्रींचा तळवा पत्र्याला चिकटलेला, घामाने ओला. दुकान पुन्हा दिसू लागलं तेव्हा ते म्हणाले, "गार आहे."

"ठेव अजून," धाकटा म्हणाला आणि न थांबता पुढे गेला.

दुसऱ्या फेरीला आई रस्त्याच्या कडेपर्यंत आली होती. पर्स आता खांद्याला अडकवलेली होती. धाकट्याने ब्रेक दाबला. मिस्त्रींनी हात अजून उचलला नव्हता.