बशीआडचे मामाजी

माझे सासरे वारले तेव्हा त्यांचा चेहरा घरात कोणालाच आठवत नव्हता.

चेहरा विसरण्यासारखा होता म्हणून नव्हे. त्यांच्याकडे मान वर करून पाहायची कोणाची छातीच नव्हती! सगळा जन्म त्यांनी परतवाड्याला लाकडाच्या नाक्यावर नाकेदारी केली. जंगलातून उतरणारी प्रत्येक बैलगाडी ते हात वर करून थांबवत, आणि हीच सवय घरी. कोणी समोरून जाऊ लागलं की "थांब!" (मांजरसुद्धा थांबायची.) मी पडलो जावई. मी त्यांना मामाजी म्हणत असे, तेही त्यांच्या पायांकडे पाहून. ते पाय मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. तोंडाचं विचाराल तर मिशी होती, एवढं नक्की.

फोटो एकही नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्यांचं ठाम मत. एवढं जपूनही बिचाऱ्यांनी साठी गाठली नाही. अमरावतीला पेन्शनीत बसले आणि वर्षभरात गेले.

त्याच वर्षी श्रावणात आमची तान्ही पोर तापानं गेली होती. अकोल्याच्या आमच्या दोन खोल्यांत त्यानंतर कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. माझी बायको इंदू चूल पेटवायची, मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. लाल डबा उघडा की निळा, मला सगळं राखेसारखंच दिसायचं. (दुकानदारांना मात्र नीट दिसायचं. "पेंटर, पिवया कमी पडला!" म्हणून ते भांडायचेच.) अशात तिचे वडील गेल्याची तार आली. गाडीत इंदू खिडकीबाहेर पाहत बसली. रडली नाही. रडायचं संपलं असावं.

अमरावतीला सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे थोरले काका, यांनी सगळा कारभार हाती घेतला होता. मी हातपाय धुतो न धुतो तोच हुकूम आला.

"जवाईबुवा, तेरवीले फोटो पाह्यजे. तुमी पेंटर हा. काढा."

"काका, मी अक्षरं काढतो. पाट्यांची."

"मंग? अक्षराईले काना-मात्रा-वेलांट्या रायतात, थे जमते. मानसाले त एकच नाक असते!"

मी चौकटीला कापड ठोकलं, कोळसा हातात घेतला आणि चौकशी सुरू केली.

"बाबाचं नाक लांब होतं," माझा मेहुणा वसंता म्हणाला.

"लांब?" काका कडाडले. "अबे, बसकं होतं! डिट्टो माह्यासारखं!" (काकांचं नाक पोपटाला लाजवील असं.)

"रंग?"

"सावया," वसंता म्हणाला.

"गोरा होता थो! लहानपनी त साहेब म्हनत त्याले."

"बरं, डोळे कसे होते?"

सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. मग वसंता हळूच म्हणाला, "रागीट."

"ते ठाऊक आहे. आकार कसा होता?"

"आकार पाहाले थांबलं कोन, भाटवे?" (भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा, अर्थात मी.)

सगळ्यांच्या साक्षी जमवून मी एक तोंड काढलं. ते पाहून इंदूच्या आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला, मला बरं वाटलं, पण त्या म्हणाल्या, "हे त थोरल्या दादाचं तोंड हाय व माय!" काका भडकले. "जिता मानूस तेरवीले लावता का?" मी मिशी वाढवली, तर आणखीच काका! मिशी काढली, तर काकांची धाकटी बहीण! शेवटी कापडावर एवढं काळं झालं की ते तोंड अंधारात बसल्यासारखं दिसू लागलं. मी कोळसा खाली ठेवला आणि सासूबाईंकडे गेलो.

त्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामाजी गेल्यापासून त्यांनी कोणाशी धड शब्द काढला नव्हता.

"मामी, मामाजी दिसायला कसे होते?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. संसार एवढा मोठा, आणि बाईला आठवावं लागत होतं!

"समोर कदी बसले नाईत," त्या म्हणाल्या. "चाहा पेताना मातर चुलीपाशी येत. नाक्यावरून दुपारी आले का बशीत चाहा ओतत अन् तोंडापाशी धरत. लगेच पेत नाईत. डोये मिटत अन् नुसती वाफ घेत. कपायावरच्या आठ्या एकेक करून निंगून जात. मी भाकरी थापता थापता पाहो. त्याईले मालूमच नव्हतं, मी पाहून राहिली म्हून."

"तेव्हा आनंदी दिसत?"

"आनंदी कायचे!" त्या म्हणाल्या. "बरे दिसत."

मी उठलो. दुःखाच्या घरात असं म्हणू नये, पण माझ्यातल्या कारागिराला भलताच हुरूप आला! डोळे मिटलेले, तोंड बशीआड, नाक अर्धं बशीआड. काढायचं उरलं काय? कपाळ आणि कान! मी धुतल्या कापडावर बशी काढली, बशीमागे मामाजी काढले आणि शेवटी वाफ काढायला बसलो. वाफ पांढरी, मागची भिंत पांढरी. एक पांढरं दुसऱ्यापासून वेगळं करताना त्यात थोडा निळा घातला, कडेला किंचित गुलाबी. आणि एकदम माझा हात थांबला. श्रावणापासून पहिल्यांदा मला गुलाबी रंग गुलाबी दिसला होता.

या नादात एक गोष्ट मी साफ विसरलो. पाटीचा तेलरंग वाळायला वेळ लागतो.

तेरवीला मांडव भरला. चित्र पाटावर ठेवलं, पुढे दोरीवर पंचा टांगला. काकांनी पंचा बाजूला केला.

"डोये मिटलेले?" काकांचा आवाज चिरकला. "आमचा भाऊ मेला, हे लोकाईले मालूम हाय, जवाईबुवा! थ्यासाठी फोटो नव्हता पाह्यजे!"

"काका, ते चहा..."

"अन् तेरवीच्या दिवशी चाहा पेऊन राहिला!"

पण पाहुणे समोर होते. काकांनी राग गिळला आणि गंधाचं बोट मामाजींच्या कपाळावर टेकवलं. बोट परत आलं ते कपाळ घेऊनच! घाबरून त्यांनी तळव्यानं पुसलं, तर कपाळ भुवयांपर्यंत उतरलं. तो हात धोतराला पुसला, तर भावाचं उरलेलं कपाळ धोतरावर! तेवढ्यात वसंतानं शेवंतीचा हार घातला.

"ओलं आहे रे!" मी ओरडलो.

त्यानं दचकून हार मागे ओढला. हाराबरोबर डावा कान आला.

आणि मागून एक बारीकसा आवाज ऐकू आला. इंदू! तिनं पदर तोंडात कोंबला होता, खांदे गदगदत होते. मला वाटलं, फुटलं रडू. मी धावलो. ती हसत होती! बापाच्या तेरवीला, सगळ्या सोयऱ्यांसमोर, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होती. मग त्या हसण्यातच रडू आलं, पोरीचं आणि बापाचं एकदम, आणि रडता रडता पुन्हा काकांच्या धोतराकडे लक्ष गेलं.

"पोरगी येडी झाली," आत्याबाई म्हणाल्या.

मामी उठून चित्रापाशी आल्या. बिनकपाळाच्या, एककानी मामाजींकडे पाहत राहिल्या.

"आठ्या नाईत," त्या म्हणाल्या. "असेच दिसत." मग वळून म्हणाल्या, "चाहा ठेवा व कोनी. साऱ्याईसाठी."

तेरवीच्या जेवणाआधी सगळ्या मांडवानं चहा घेतला. काकांनीही. बशीत.

घोळ इथंच संपायचा, पण पाहुण्यांत मूर्तिजापूरचा एक लांबचा सोयरा होता. त्याचं टेसनाबाहेर हॉटेल. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पेंटरसायेब, हे चित्र पाहूनच तलफ आली. माह्या हॉटेलाच्या पाटीवर अस्संच काढून द्या!"

काकांनी ऐकलं. "माह्या भावाले हॉटेलावर टांगतं?"

"टांगू द्या भाऊजी," मामी शांतपणे म्हणाल्या. "जितेपनी त्याईच्या दारात कोनी खुशीनं आलं नाई. आता तरी येईन."

मी पाटी रंगवली. बरीच वर्षं मामाजी मूर्तिजापूरला छोट्या गाडीच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या रेल्वेच्या, उतारूंसमोर डोळे मिटून वाफ घेत होते, आणि कोणालाही थांब न म्हणता माणसं थांबत होती. थोरले काका मात्र अकोल्याला येताना मूर्तिजापूर आलं की डब्याची खिडकी लावून घेत.

तेव्हापासून मला माणसं पाहायचा नाद लागला. त्यांना ठाऊक नसताना. घोड्याची मान खाजवणारा टांगेवाला, धुणं झाल्यावर ओल्या पायांनी उन्हात उभी राहणारी इंदू. सुख म्हणतात ते बहुधा एवढंच असतं. बशीभर, आणि गार व्हायच्या आत घ्यायचं.

एवढी अक्कल आली, पण हात काही सुधारला नाही. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मला हॉटेलांच्या पाट्यांसाठी आजही बोलावणी येतात. माणसं आदरानं बसवतात, पाणी देतात आणि हात जोडून सांगतात, "पेंटरसायेब, तोंड राहू द्या. बशी तेवढी काढा!"