साहेबांचं नाक

तंबाखू नियंत्रण पथकातल्या या साहेबांना शाळा-कॉलेजातली पोरं ‘नाक’ म्हणायची, आणि खरं सांगायचं तर साहेबांना ते मनातून आवडायचं. अठरा वर्षांची नोकरी. शाळेच्या फाटकाजवळ टपरी किती अंतरावर आहे ते टेपने मोजायचं आणि पोरांच्या अंगाला धुराचा वास येतो का, ते नाकाने. पोरगं नुसतं शेजारून गेलं तरी साहेब सांगत, “दोन ओढल्यात, वर पेपरमिंट चघळलंय.” घरी बायको वैतागायची, भाजी जरा लागली की साहेबांचा शेरा स्वयंपाकघरात आधी पोचायचा.

अलीकडे या नाकाला बारावीतल्या लेकीची खोली फार आवडायला लागली होती. तिथे कायम स्ट्रॉबेरीचा मंद वास. “बघ, याला म्हणतात टापटीप,” ते बायकोला ऐकवत. एकदा तर लेकीलाच म्हणाले, “कुठला फवारा गं हा? ऑफिसलाही एक आण.” लेक पुस्तकात डोकं खुपसून बसली.

मग ते प्रशिक्षण आलं. तरुण मुलं आणि ई-सिगारेट. शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी एक जप्त केलेली नळी बघायला फिरवली, दिसायला अगदी स्केचपेन. बाकीचे उलटसुलट करून बघत होते. साहेबांनी सवयीने नाकाला लावली. स्ट्रॉबेरी. सहा महिने ज्याचं कौतुक केलं, तो हाच वास.

संध्याकाळी ते लेकीच्या पलंगावर येऊन बसले. शाळाशाळांतून हजारदा दिलेलं भाषण, पण त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. ते पार घाबरले होते. शेवटी त्यांनी नुसता हात पुढे केला. लेकीने दप्तराच्या आतल्या कप्प्यातून नळी काढून त्यावर ठेवली.

“बाबा, तुम्ही रोज दारात उभं राहून वास घ्यायचात,” ती म्हणाली. “मला वाटायचं, आज पकडणार. पकडलं असतंत तर बरं झालं असतं. आता सोडायची म्हटलं तर जमत नाही, चिडचिड होते नुसती.”

साहेबांनी खिशातून व्यसनमुक्ती केंद्राचं कार्ड काढलं. अशी शेकडो त्यांनी वाटली होती. मागच्या बाजूला वेळा छापल्यात, हे आज पहिल्यांदा पाहिलं.

“दहाला उघडतं. उद्या दोघं जाऊ. मी रजा टाकतो.”

“ऑफिसात काय सांगणार?”

“सर्दी झालीय म्हणून सांगतो,” साहेब म्हणाले. “तसंही सहा महिने नाक बंदच आहे माझं.”