आक्का घर राखतात

आमच्या अंजूरमध्ये लग्नाचं आमंत्रण असं द्यावं लागत नाही. अमक्याच्या पोरीचं ठरलं, एवढी बातमी गावात फिरली की पुरे. हळदीच्या दिवशी बायका आपापल्या घरची विळी घेऊन दारात हजर होतात आणि पुरुष मांडवाखाली खुर्च्या ओढून बसतात. कुणाला बोलवायचं हा प्रश्नच नसतो, कोण आलं नाही आणि का आलं नाही, यावर मात्र वर्षभर बोलता येतं. म्हणून शेजारच्या भाऊंनी करिष्माचं लग्न शहापूरच्या पुढं, नदीकाठच्या झाडीत, फक्त पन्नास माणसांत करायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण वेगळीच आली. गावाला येऊ नका म्हणून सांगायचं कुणी?

ते काम भाऊंच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या गळ्यात पडलं. आक्कांच्या गळ्यात आयुष्यात जे जे पडलं त्यात मंगळसूत्र सगळ्यात कमी टिकलं. राहनाळला दिल्या होत्या, नवरा लवकर गेला आणि त्या माहेरी परत आल्या. पुढं भाऊंची बायको गेली तेव्हा देवेश शाळेत जायला लागला होता आणि करिष्मा रांगत होती. दोन्ही पोरं आक्कांनी वाढवली. करिष्मा दहावीपर्यंत आक्कांच्या कुशीत झोपायची, हे मला ठाऊक आहे, कारण मी त्यांच्या शेजारच्या पुतळाबाईंची सून. आमची मोरी आणि त्यांचं मागचं जुनं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे. त्या भिंतीतून मी इतकी वर्षं त्यांचं घर ऐकत आले आहे.

करिष्मा ऐरोलीला कंपनीत आहे, मुलगा विपुल तिच्याच ऑफिसातला, डोंबिवलीचा. दोघांना झाडाखाली, पाण्याकाठी, मोजक्या माणसांत लग्न करायचं होतं. हौस वाईट नव्हती. भाऊंची खाडीकडची शेती होती तेव्हा तिथं झाडंही होती आणि पाणीही होतं. आता तिथं गोडाऊनचे पत्रे आहेत आणि कंटेनर उभे असतात. घरचा निसर्ग भाड्यानं देऊन झाला, मग दुसऱ्याचा दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतला. यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. देवेश तर छाती पुढं काढून गावभर सांगत होता, "आपल्याला गर्दी नको. क्वालिटी लोक पाहिजेत." हा देवेश लहानपणी आमच्याच ओट्यावर नाक पुसत बसायचा.

ठाण्याहून क्षितिजा नावाची मुलगी यायची, ती सगळं लग्न ठरवून देणार होती. हसरी, बोलायला चांगली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. हॉलमध्ये बैठक बसली, पोहे खायला मलाही बोलावलं होतं. पंचवीस मुलाकडचे, पंचवीस आपले, तंबूंमध्ये राहायची सोय, त्यामुळं एकही जास्त नको, असं तिनं समजावून सांगितलं. मग ती विचारत गेली.

"वधूचे वडील?"

"मी," भाऊ म्हणाले.

"वधूचा भाऊ?"

"हा देवेश."

"आई?"

"न्हाय ती."

क्षितिजानं मान हलवली आणि पुढं गेली. आक्का तेव्हा तिच्यासमोर पोह्यांची बशी ठेवत होत्या. "निंबू पिलू का वर?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढं भाऊंनी आपली माणसं सांगायला घेतली. गोडाऊनमधले भागीदार, वकील, कल्याणचे डॉक्टर, करिष्माच्या मामाचं कुटुंब, देवेशचे दोस्त. आक्कांचं नाव कुणी घेतलं नाही आणि मलाही ते खटकलं नाही, हे खरं. आमच्याकडं लग्नात पाहुणे मोजतात. घरच्यांना कोण मोजतं? ते मोजणारे असतात. भाऊंना वाटलं आक्का आहेतच, देवेशला वाटलं भाऊंनी धरलंय, आणि आक्कांना तर वाटण्याचा प्रश्नच नव्हता. करिष्मानं त्यांच्यासाठी अबोली रंगाचं पातळ आणलं होतं. ते त्यांनी मला तीनदा उलगडून दाखवलं. त्यांना एकच हवं होतं, मांडवाच्या कडेला उभं राहून पोरीचं लग्न डोळे भरून बघायचं. आपण विधवा, हळदीला हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःच कधीच मान्य करून टाकलं होतं. त्यासाठी त्या भांडल्याही नसत्या. फक्त बघायचं होतं.

तर गावाला नाही म्हणायचं काम. भाऊ त्यांना म्हणाले, "मी गेलो तर शिव्या घालतील. तुला कोन काय बोलनार न्हाय." मोठा हिशेबी माणूस! आक्का पेढ्यांचे बॉक्स घेऊन घरोघर फिरल्या. तोंड गोड करायचं आणि दार लावून घ्यायचं, असला प्रकार गावानं पहिल्यांदाच पाहिला. कुणी पेढे घेऊन गप्प राहिलं, कुणी ओट्यावरूनच परत पाठवलं. धोंडूबाईंनी तर बॉक्स त्यांच्यादेखत कुत्र्यापुढं उघडून ठेवला.

आमच्याकडं आल्या तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. दोघी एका वयाच्या, एकाच विहिरीवर पाणी भरलेल्या.

"तुमचे घरानचे दरेक लग्नान मी वडं थापलं," सासूबाई म्हणाल्या. "आन आता तू मना सांगाला आलीस, येऊ नको?"

"रागावू नको पुतळा. फक्त घरचीच मानसा चाललीत. पोरीची हौस हाय."

"न्हाय बोलवायचा तर गप ऱ्हायाचा. घरान येऊन नाक कापाला कनाला आलीस?"

"सांगितला नसता तर तुमी आला असता. मंग तिथं गेटवर कोनी अडवला असता तर? त्यापेक्षा मी शिव्या खाल्लेल्या बऱ्या."

सासूबाईंनी सूप आपटलं. आक्का पेढे चौकटीशी ठेवून गेल्या. घरोघरी त्या हेच वाक्य बोलत फिरल्या, फक्त घरचीच माणसं. ते वाक्य त्यांच्याच अंगावर येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक?

पुढचं मला आक्कांनीच मागाहून सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. करिष्मा मैत्रिणींबरोबर मेंदीसाठी आदल्या दिवशीच नदीवर गेली होती. सकाळी भाऊंच्या कंपाउंडमध्ये गाडी लागली. क्षितिजा गाडीच्या दारात उभी राहून प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टा बांधत होती. पट्टा असेल त्यालाच तिकडं आत सोडणार होते. अबोली पातळ नेसून, केसांना तेल लावून आक्का सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी हात पुढं केला आणि क्षितिजाच्या हातात एकही पट्टा उरलेला नव्हता.

"आंटी, तुमचं नाव?"

आक्कांना नाव सांगताच येईना. त्यांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारून जमाना झाला होता. त्यांनी भाऊंकडं पाहिलं, भाऊंनी देवेशकडं पाहिलं, देवेशनं परत भाऊंकडं. दोघांच्याही तेव्हाच लक्षात आलं. क्षितिजा बिचारी लगेच म्हणाली, "एक मिनिट, मी तिकडं फोन करून विचारते." तिनं फोन काढलासुद्धा.

तेवढ्यात आक्का बोलल्या, "ऱ्हाऊ द्या. घर राखाला कोनीतरी लागंलच."

लाजेनं बोलल्या. हात पुढं करून तो रिकामा मागं घ्यावा लागला, त्या लाजेनं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर चारचौघांनी "असं कसं, असं कसं" केलं असतं. भाऊ म्हणाले, "ह्या पन बरा झाला. कुत्र्यालाबी खायला घालायचा हाय." देवेश गाडीत जाऊन बसला. क्षितिजानं फोन पर्समध्ये ठेवला. एका फोनचं काम होतं हो. त्या फोनवर "या" म्हणाले असते की नाही ते देव जाणे, पण तो केला असता तरी या बाईला कुणी तरी विचारलं असं झालं असतं.

गाडी गेली आणि आक्कांच्या ध्यानात आलं की आपण गावाला काय सांगितलंय. फक्त घरचीच माणसं. आता गावानं त्यांना अंगणात पाहिलं तर? भावाची छी थू होईल, आणि आपण त्या घरच्या नाही हे उघड्यावर येईल. म्हणून त्यांनी पुढचं दार आतून लावलं, खिडक्या लावल्या आणि त्या मागच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. चूल नाही, गॅस नाही, कढईचा आवाज नाही. आदल्या दिवसाच्या भाकऱ्या पाण्याबरोबर खाल्ल्या. कुत्र्याला मागच्या दारानं, बाहेर कुणी नाही असं बघून घातलं. स्वतःच्या घरात चोरासारख्या राहिल्या. तिकडून व्हिडिओ कॉल आला तो त्यांनी उचलला नाही, बोलण्याचा आवाज बाहेर गेला असता.

सासूबाई त्या दुपारी मोरीत भांडी घासत होत्या. भिंतीपलीकडं कुणी तरी खोकलं. तो खोकला सासूबाई चाळीस वर्षं ओळखतात. त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता या बाहेर जाऊन गल्लीत डंका पिटणार, कारण सासूबाईंच्या तोंडात आजवर तीळ भिजलेला नाही. पण त्या जागच्या उठल्या नाहीत. नळ मोठा सोडला आणि भांडी दणादणा आपटायला लागल्या. खोकला कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, की राग म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही.

लग्न पार पडलं. करिष्मा आणि विपुल पाचपरतावणाला येणार होते त्या दिवशी गावातल्या बायका राग गिळून नवरी बघायला गेल्या, कारण रागापेक्षा उत्सुकता मोठी. नवराबायको अजून पोचायची होती. आक्का ओसरीवर बसून सगळ्यांना लग्न सांगत होत्या. नदी कशी होती, झाडांना दिवे कसे लावले होते, पोरीनं कसली साडी नेसली होती. देवेशच्या मोबाईलवर पाहिलेलं सगळं त्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होत्या, आणि चांगलं सांगत होत्या. सासूबाई समोर बसून मान डोलवत होत्या. "व्हय का? बरा झाला, तुला तरी बघाला गावला," असंही म्हणाल्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मग करिष्मा आली. विपुल आत हॉलमध्ये भाऊंजवळ बसला आणि ती धावत ओसरीवर येऊन आक्कांच्या गळ्यात पडली.

"आक्का, गुडघा कसा आहे आता? देवेश म्हणाला, तुला उभंच राहवत नव्हतं. मी किती रडले माहिती आहे? फोन पण उचलला नाहीस."

धोंडूबाईंनी पदर तोंडाला लावला. आक्कांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, ते काढायचं कसं हे जणू त्यांना समजत नव्हतं.

"कनचा गुडघा?" सासूबाई म्हणाल्या. आवाज वर गेला होता. "आख्खा गाव चालत फिरली ती, येऊ नका सांगाला. माजे दारान उभी होती. तिचा गुडघा चांगला हाय. तुजे बापाला इचार काय दुखत होता."

करिष्मा वळली. भाऊ आवाज ऐकून हॉलच्या दारात आले होते.

"भाऊ, आक्काला का नाही आणलं?"

"अगं, ती सोताच बोलली, मी राखतंय घर म्हनून. विचार तिला."

आणि हे खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. करिष्मानं आक्कांकडं पाहिलं. आक्कांनी तिचा हात हातात घेतला, त्यावरची मेंदी अजून लाल होती.

"हो, मीच बोलली," आक्का म्हणाल्या. "तुजी आय असती ना, तर ती पन ह्याच बोलली असती. पन तिचा कोनी ऐकला नसता."

त्यांना मी पहिल्यांदाच असं बोलताना ऐकलं. करिष्मा रडायला लागली. देवेश मोबाईल बघत जिन्यावर उभा राहिला. मला वाटलं, आता तरी हा भाऊ खाली बसेल, बहिणीच्या पाया पडेल, निदान तिचं नाव तरी घेईल. त्यांनी घसा साफ केला.

"आक्का, जावई बसलेत आतमधी," ते म्हणाले. "चहा टाक."

आक्का उठल्या. करिष्माचा हात सोडवून घेतला, पदर खोचला आणि आत गेल्या. राग मला भाऊंचा आलाच, पण त्या क्षणी त्याहून जास्त आक्कांचा आला. मग ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या, आधी जावयाला दिला, मग भाऊंना, मग आम्हा बायकांना. आलं घातलेला चांगला चहा होता. आम्ही सगळ्यांनी तो घेतला.