दोन चमचे हळद

मधल्या सुट्टीआधी शाळेच्या पडवीत सुमनमावशी मुलांची खिचडी शिजवत होत्या. डाळ मूठभरच घातली, हळद मात्र दोन चमचे.

"एवढी हळद?" मी वर्गाच्या दारातून विचारलं.

"डाळ परवडंना, बाई. पोरांना रंग तरी दिसू दे."

शाळेचं अनुदान कुणी कमी केलेलं नाही, हे खरंच. कमी करावंच लागत नाही. आकडा आहे तिथेच ठेवला की उरलेलं काम बाजार करतो. भांडायचं तरी कुणाशी?

पंगत उठली. पहिलीतली एक मुलगी ताट चाटूनपुसून आली आणि पिवळी बोटं दाखवत म्हणाली, "मावशी, आज डाळ लई घातली ना?"

मावशी नळाखाली तिचे हात चोळत राहिल्या. पिवळा रंग काही निघेना.