आबाजींचं उलटं घर

माझ्या आबाजींनी घर उलटं बांधलं होतं.

म्हणजे खरंच उलटं. रस्त्याकडे पाठ, आणि समोरचं दार दुसऱ्याच्या स्वयंपाकघराकडे.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. फोटोला हार घातला, पाहुणे जेवून गेले, आणि आता मी त्याच दारात बसून हे लिहिते आहे.

आबाजी म्हणजे माझ्या बाबांचे वडील. आमच्या खानदानात भिवापूर सोडणारा पहिला माणूस. मिरचीची शेती भावांवर सोपवून ते नागपुरात क्लार्क झाले, आणि सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे एका नव्या ले-आऊटमध्ये त्यांनी प्लॉट घेतला.

ले-आऊट म्हणजे तेव्हा नुसतं गवत आणि चुन्याच्या रेघा.

ऑफिसातले म्हणाले, "कोल्ह्याच्या शेजारी राहाले चालला काय गा?"

गेले. तिथलं पहिलं घर आबाजींचं. लाईट नाही, नळ नाही, हाक मारायला शेजारी नाही.

आणि रस्ताही नाही. इथेच सगळा घोळ झाला.

नकाशात रस्ता एका बाजूला होता. पण दुसऱ्या बाजूने बैलगाड्यांची जुनी पांदण जात होती. आबाजी ऑफिसात क्लार्क असतील, डोकं पक्कं शेतकऱ्याचं.

म्हणाले, "कागदावर काहीही काढते लोकं. जिकडून बैल जाते, तिकडूनच रस्ता होते."

दार पांदणीकडे ठेवलं.

रस्ता नकाशाप्रमाणे झाला. पांदणीवर प्लॉट पडले. आमच्या दारासमोर शेजारच्या काकूंचं घर उभं राहिलं. मध्ये उरली एक माणूस कसाबसा जाईल एवढी सांद.

झालं! तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस मागच्या दाराने, आधी स्वयंपाकघरात. पोस्टमन, पाहुणे, सगळे. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात कणकेने भरलेले होते.

बाबा कितीदा म्हणाले, "आबाजी, रस्त्याकडून एक चांगलं दार काढू ना."

"मी चुकलो असन. दार नाही चुकलं."

विषय संपला.

शुभकार्य मात्र समोरच्याच दाराने. माझी आई नवी नवरी म्हणून आली ती सांदीतून, शालू आवरत, आडवी चालत. मग माप ओलांडलं. ती हे अजूनही हसत सांगते.

हट्टी होते. फार हट्टी. मला रागही यायचा त्यांचा.

पण ह्या शहरात आमचं कुणीच नव्हतं, तेव्हा त्यांनी एकट्याने ते दार उभं केलं होतं. ते बंद करायचं म्हणजे आपण भिवापूरहून आलो तेच चुकलं, असं कबूल करण्यासारखं त्यांना वाटत असावं. हे मला फार उशिरा कळलं.

शेवटच्या आजारपणात एकदा मला जवळ बोलावलं.

"एक ऐक वं. मले मागच्या दारानं नेऊ नका. मी काही चोर नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ते गेले त्या दिवशी सकाळपासून माणसं जमली. तिरडी बांधून झाली आणि सगळे अडले. समोरच्या दारातून ती बाहेर काढली की काकूंच्या भिंतीला टेकणार. सांदीत वळणार नाही, उभी करता येणार नाही.

भिवापूरहून आलेले मोठे काका, बाबांचे चुलतभाऊ, वैतागले. "म्हाताऱ्याच्या जिद्दीपायी मयत अडवून ठेवता काय? काढा मागून!"

मी म्हटलं, "मी त्यांना शब्द दिला आहे."

"शब्द मले नको सांगू. वाट सांग."

वाट कुठे होती माझ्याकडे? बाबा नुसते दाराकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. ज्याला आयुष्यभर मागच्या दाराची लाज वाटली, त्याला आपण तिथूनच नेणार.

तेवढ्यात सांदीपलीकडे, आमच्या दाराच्या बरोबर समोर, काकूंच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"आमच्या घरातून न्या," काकू म्हणाल्या.

काकूंच्या धाकट्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं. घरात पाहुणे, दाराला नवं तोरण. लग्नघरातून मयत? कुणी ऐकलं तरी कानावर हात ठेवेल.

माझी आत्या म्हणाली, "असं नका करू वं काकू. पोरीचं लग्न आहे."

काकू म्हणाल्या, "हे घर बांधलं तवा इथं नळ नव्हता. आबाजीच्या विहिरीच्या पाण्यानं आमची तराई झाली. सकाळ-संध्याकाळ स्वतः उभं राहून भित्तीवर पाणी मारे ते. नवरा माहा नोकरीवर, मी बाळंतीण. त्याइचं पाणी लागलं म्हणून ह्या भित्ती उभ्या आहे. आता त्याइलेच अडवतीन काय?"

आबाजींनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

काकूंच्या मिस्टरांनी सोफा सरकवला. नवरीनेच बस्त्याच्या पिशव्या उचलून आत नेल्या.

आणि आबाजी निघाले. आपल्या समोरच्या दारातून, काकूंच्या ओट्याजवळून, त्यांच्या बैठकीतून, लग्नाच्या तोरणाखालून, सरळ पलीकडच्या रस्त्यावर.

कुठेही वळावं लागलं नाही.

मी दारात उभी राहून खूप रडले.

पुरुष मंडळी घाटावर गेली. आत्या रीतीप्रमाणे बादली घेऊन काकूंची फरशी धुवायला निघाली. मयत गेलेलं घर, वर लग्नाचं. धुवायलाच हवं होतं.

काकूंनी तिच्या हातातली बादली काढून घेतली.

"काहून धुता वं? घरचाच माणूस गेला."

भरल्या मनाने नमस्कार, आबाजी.