पावतीवरची तिसरी सही

या गौरव अंकात वकीलसाहेब, गुरुजी अशी शिकली-सवरलेली मंडळी लिहीत आहेत. माझं कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सुटलं. तरी चार ओळींची जागा मी हट्टानं मागून घेतली, कारण बळीरामभाऊंची नि माझी पहिली ओळख झाली, ती त्यांनी मला पकडलं तेव्हा.

भाऊ तेव्हा वरोऱ्याच्या कोर्टात बेलीफ होते. कोर्टाचे हुकूम घरोघरी पोचवणं हे त्यांचं काम. माझी ताई नवऱ्यापासून वेगळी होऊन पाच वर्षांच्या पिंकीला घेऊन आमच्याकडे आली होती. दाजी गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात. पोरगी कोणाजवळ राहील, याचा दावा सुरू होता. तोवर तिनं आईजवळ राहावं आणि दर रविवारी वडिलांना भेटावं, असा हुकूम होता.

माझं डोकं सदा तापलेलं. दाजींचं तोंड पिंकीनं पाहूच नये म्हणून एका शनिवारी मी तिला उचललं आणि कोरपन्याला मावशीकडे नेलं. रविवारी दाजी आमच्या दारातून तसेच परतले आणि सोमवारी कोर्टात गेले. हुकूम मोडला, आता पोरगी वडिलांकडे जाईल, असं ताईच्या वकिलांनी सांगितलं. ताईनं अन्न सोडलं. मी मात्र मावशीकडे फुशारक्या मारत होतो.

मंगळवारी भाऊ कोर्टाचा कागद नि ताईकडून पत्ता घेऊन एसटीनं कोरपन्याला आले. मला वाटलं, आता दमदाटी करतील. त्यांनी पाणी मागितलं आणि पिंकीजवळ बसले.

"कोनाची वाट पाहून राह्यली वं?"

"बाबाची. बाहुली आननार होते. बाबाले हे घर सापडन का?"

भाऊंनी मला बाहेर बोलावलं. मी आवाज चढवला, "लिवा तुमच्या कागदावर काय लिवाचं ते!"

"मले दिसन तेच लिवतो, बाबू. उद्या तू पोरगी घेऊन कोर्टात दिसला, तं तसं लिवीन. नाई दिसला, तं तसं. बहिनीचं लेकरू तुह्या हाती हाय, माह्या नाई."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी पिंकीला कोर्टात नेलं. भाऊंच्या अहवालात एकच ओळ होती : मामाने मुलगी आपणहून हजर केली. न्यायाधीशसाहेबांनी मला उभ्या उभ्या झापलं, पण लेकरू ताईजवळच राहिलं. पुढे निकालही तसाच लागला. पिंकी आईजवळ, रविवार बाबाचा. आणि दर रविवारी तिला दाजींच्या हाती देण्याचं काम कोणाचं? या मामाचं!

बसस्टँडवर लेकरू द्यावं-घ्यावं, हे भाऊंना पटेना. त्यांनी आपल्या घरची ओसरी दिली. भाऊंच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, चहा ठरलेला. सवयीनं भाऊ तिथेही पावती लिहीत : देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. पहिल्याच रविवारी पिंकीनं विचारलं, "माही सही काऊन नाई?"

भाऊ चपापले. "चुकलं वं माय माहं. जिची गोष्ट, तिलेच इसरलो." त्यांनी शाईचा पॅड पुढे केला. पिंकीनं अंगठा आधी पावतीवर उठवला, मग दाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर. दाजी नि मी एकमेकांसमोर पहिल्यांदा हसलो, ते तेव्हा.

एकदा कोरपन्याच्या एका मुलीसाठी मी भाऊंजवळ चिठ्ठी दिली. (कॉलेज का सुटलं, हे यातच आलं.) भाऊंनी ती वाचलीही नाही. "कोर्टाचा कागद असता तं नेला असता. तुह्या कागदाले तुहीच सायकल." गेलो मी सायकलनं! उत्तर यायचं आहे. दर रविवारी सगळ्यांसमोर भाऊ त्या चिठ्ठीवरून विचारतात, "काऊन रे, समन्स लागू झाला का नाई?"

भाऊ नोकरीतून निवृत्त झाले, ओसरी मात्र निवृत्त झाली नाही. गेल्या रविवारी पिंकीनं पॅड बाजूला सारला आणि पेन मागितलं. आईचं नाव, बाबाचं नाव, आपलं नाव असं लिहिता लिहिता अक्षरं कागदाच्या कडेवरून खाली उतरली. भाऊंनी ती पावती बुद्धाच्या फोटोजवळ लावून ठेवली आहे.

भाऊ, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत राहो. पिंकीची सही एका ओळीत मावेपर्यंत तरी पावत्या लिहाच. तोवर माझा समन्सही लागू झाला, तर त्या रविवारी काकूंनी तिच्यासाठी चहाचा एक कप जास्त ठेवावा.